दुसऱ्याचा टेंडन, आपला गुडघा : निर्जंतुक करण्याचा पन्नास वर्षांचा झगडा

आजचा भाग ऐकायला हेडफोन लावून बसला असाल तर एक सूचना आधीच देतो. जेवताना ऐकू नका. मृत शरीरं, जंतू, आणि हाडं-स्नायू धुण्याच्या पद्धती, असा सगळा मामला आहे. पण गोष्ट भारी आहे. आणि तुमच्यापैकी कबड्डी, फुटबॉल, खो-खो खेळणाऱ्या निम्म्या लोकांनी ‘एसीएल’ हा शब्द कुणा ना कुणाच्या गुडघ्यासंदर्भात ऐकलेला असणारच.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका बसलेला एक जाड दोर. मांडीचं हाड आणि नडगी यांना तो धरून ठेवतो. धावताना अचानक वळलात, पाय जमिनीवर अडकला आणि वरचं शरीर फिरलं की तो तुटतो. तुटलेली टोकं शिवून फारसा उपयोग होत नाही, म्हणून सर्जन तिथे नवा दोर बसवतात. नवा दोर आणायचा कुठून? एक तर तुमच्याच शरीरातून. मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढतात, किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. दुसरा मार्ग म्हणजे मृत दात्याचा टेंडन. त्यात तुमच्या शरीरावर जास्तीचा घाव होत नाही, ऑपरेशन लवकर उरकतं, सुरुवातीचं दुखणंही कमी असतं.

आता मेलेल्या माणसाच्या शरीरातला तुकडा जिवंत माणसाच्या सांध्यात ठेवायचा, तर तो जंतुमुक्त हवा. सर्जनच्या कात्र्या-चिमटे कसे करतात? ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत, दाबाखाली. आपल्या प्रेशर कुकरचा मोठा भाऊच म्हणा ना. मग टेंडनही तसाच टाकायचा? ज्यांनी घरी पाया सूप केलंय त्यांना उत्तर ठाऊक आहे. पाय तासन् तास शिजवले की रस्सा चिकट होतो आणि गार झाल्यावर थिजतो. तो चिकटपणा म्हणजे विरघळलेलं कोलॅजन. टेंडनची सगळी ताकद कोलॅजनच्या पिळदार धाग्यांत असते. उष्णता दिली की धागे उलगडतात आणि दोराची जेली होते.

म्हणजे जंतू मारायचे, पण दोर शाबूत ठेवायचा. आजची सगळी गोष्ट या ओढाताणीची आहे.

सुरुवात युद्धानंतरच्या अमेरिकेत झाली. १९४९ मध्ये जॉर्ज हायट नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने बेथेस्डा इथे नौदलाची टिशू बँक सुरू केली. मृत दात्यांची हाडं, त्वचा वगैरे काढून, गोठवून किंवा गोठवून-वाळवून साठवायची पद्धत तिथे घडली. तेव्हा भर होता तो ऑपरेशन थिएटरसारख्या स्वच्छतेत ऊतक काढण्यावर. मुळात स्वच्छ काढलं तर नंतर मारायला जंतू उरतीलच कशाला, असा तो विचार होता. वाईट विचार नव्हता. पण जंतू फक्त बाहेरून येत नाहीत. काही दात्याच्या आतच असतात.

१९८५ साल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एक तरुण गोळी लागून गेला. घरच्यांनी अवयव आणि ऊतकं दान केली. एचआयव्हीची चाचणी नुकतीच बाजारात आली होती, ती केली, निगेटिव्ह आली. अडचण अशी की ही चाचणी विषाणू शोधत नव्हती, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधत होती. संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. हा तरुण नेमका त्या खिडकीत होता.

हे कळायला १९९१ उजाडलं. मग शोधाशोध सुरू झाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. एका दात्याकडून एकूण ५८ अवयव आणि ऊतकं वाटली गेली होती. ४८ जणांपर्यंत पोचता आलं, त्यातल्या ४१ जणांची तपासणी झाली. चार अवयव घेतलेले चारही जण बाधित. प्रक्रिया न करता नुसतं गोठवलेलं हाड घेतलेले तिघेही बाधित. आणि उरलेले ३४ जण निगेटिव्ह! त्या ३४ जणांत २५ जणांना इथेनॉलने प्रक्रिया केलेलं हाड मिळालं होतं, तिघांना गोठवून-वाळवलेलं मऊ ऊतक, तिघांना किरणोत्सार दिलेलं मेंदूचं आवरण, दोघांना डोळ्यांचे कॉर्निया, आणि एकाला मज्जा काढून टाकलेलं गोठवलेलं हाड.

दाता एकच, विषाणू एकच. फरक होता तो ऊतक कुठलं आणि त्याच्यावर मधल्या वाटेत काय केलं गेलं यात. असा प्रयोग कुणी मुद्दाम करूच शकलं नसतं, आणि करूही नये. पण तो घडला होता. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने एचआयव्ही आणि दोन्ही प्रकारच्या काविळीच्या विषाणूंसाठी, म्हणजे बी आणि सी साठी, दात्यांची चाचणी सक्तीची केली.

बरं, चाचणीवर पूर्ण विसंबता येत नाही हे कळलं. मग निर्जंतुकच करू की! त्यासाठी एक वायू हाताशी होता, इथिलीन ऑक्साइड. सलाइनच्या नळ्या, सिरिंज असल्या प्लास्टिकच्या वस्तू आजही त्याने निर्जंतुक होतात, कारण उष्णता लागत नाही. १९८० च्या दशकात दात्यांच्या टेंडनवर तो वापरला गेला. जंतू मेले, दोरही ठीक दिसला. मग गुडघे सुजायला लागले. १९९० मध्ये जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी १०९ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या सात जणांच्या गुडघ्यात सतत पाणी होत राहिलं, आणि ग्राफ्ट काढल्यावरच ते थांबलं. वायू उडून गेला तरी त्याच्यापासून तयार झालेलं एक रसायन ऊतकात मागे राहत होतं. सातच जण, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. पण हा आकडा आहे धडधाकट, खेळायला परत जायचं म्हणून आलेल्या तरुणांचा. टेंडनसाठी हा वायू मागे पडला.

उरला किरणोत्सार. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण पाकिटाच्या आरपार जातात, पॅकिंग न उघडता आतल्या जंतूंचा डीएनए तोडतात, आणि मागे विषारी काही राहत नाही. वैद्यकीय वस्तूंसाठी जगभर रुळलेली मात्रा २५ किलोग्रे. या मात्रेनंतर वस्तूवर एखादा जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली जायला हवी, ही ‘निर्जंतुक’ शब्दाची अधिकृत व्याख्या. नुसतं धुणं, औषधात भिजवणं याला निर्जंतुक म्हणत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे आपला मुंबईचा संबंध येतो, आणि हे मलाही हा भाग तयार करताना नव्याने कळलं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं आयसोमेड नावाचं केंद्र १९७४ पासून वैद्यकीय वस्तूंना गॅमा किरण देतंय. आणि १९८८ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमातून टिशू बँक उभी राहिली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती अनेक वर्षं चालवली. दान आलेली हाडं आणि बाळंतपणानंतर टाकून दिली जाते ती वारेची पातळ पडदी, हे सगळं धुऊन, गोठवून-वाळवून, पाकिटबंद करून ट्रॉम्बेला जायचं, २५ किलोग्रे घेऊन परत यायचं. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर ती पडदी ड्रेसिंग म्हणून वापरायची. अणुबॉम्बच्या बातम्यांतून आपल्याला माहीत असलेलं ट्रॉम्बे, आणि तिथून परळला परत येणारी वारेच्या पडदीची पाकिटं! मला तर ही जोडी फार आवडली.

पण हाडाची आणि पडदीची गोष्ट वेगळी. हाडाचा तुकडा पोकळी भरायला वापरतात, पडदी जखम झाकते. एसीएलच्या जागी बसवलेला टेंडन ताणला जातो, दर पावलाला. आणि गॅमा किरणांना जंतूचा डीएनए आणि टेंडनचं कोलॅजन यातला फरक कळत नाही. किरण कोलॅजनचे धागे थेट तोडतात. शिवाय ऊतकातल्या पाण्याचे तुकडे करून फ्री रॅडिकल तयार करतात, आणि ते आणखी नासधूस करतात. त्यात विषाणूंना मारायला जिवाणूंपेक्षा जास्त मात्रा लागते. १९९० च्या दशकात फिडेलर आणि सहकाऱ्यांनी बाधित दात्यांच्या टेंडनवर प्रयोग केले. एचआयव्हीच्या जनुकीय खुणा ३० किलोग्रेपर्यंत पोचल्यावरच नाहीशा झाल्या. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात २० किलोग्रेलाच टेंडनची ताकद घसरायला लागलेली दिसली. म्हणजे विषाणू मरायच्या आधी दोर कमजोर.

मग बऱ्याच टिशू बँकांनी काय केलं? टेंडनना किरण द्यायचंच टाळलं. दाता नीट निवडा, चाचण्या करा, स्वच्छ काढा, अँटिबायोटिकच्या द्रावणात भिजवा, गोठवा, पाठवा. सर्जनही खूश, कारण दोर मजबूत.

आता नोव्हेंबर २००१, मिनेसोटा. २३ वर्षांचा एक मुलगा गुडघ्याच्या साध्या, आधीपासून ठरवलेल्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. त्याला टेंडन नव्हे, मृत दात्याच्या मांडीच्या हाडाचं टोक कूर्चेसकट बसवलं. ७ नोव्हेंबरला ऑपरेशन झालं. ११ नोव्हेंबरला तो गेला. त्याच आठवड्यात त्याच राज्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आणखी दोन मृत्यू झाले. राज्याच्या आरोग्य खात्याने तातडीची नसलेली गुडघ्याची ऑपरेशनं आठवडाभर थांबवायला सांगितलं. अमेरिकेत तेव्हा ९/११ आणि अँथ्रॅक्सच्या पाकिटांचे दिवस होते, वातावरण काय असेल कल्पना करा. बाकीचे दोन मृत्यू वेगळ्या कारणांचे निघाले. पण या मुलाच्या रक्तात क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेलाय नावाचा जिवाणू सापडला.

क्लॉस्ट्रिडियम ही धनुर्वाताच्या जंतूची जात. मातीत राहतात, माणसाच्या आतड्यातही राहतात. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतात, आणि मग अल्कोहोल, अँटिबायोटिक, गोठवणं, कशाचीच मात्रा चालत नाही. माणूस मेल्यावर आतड्याची भिंत सैल पडते आणि हे जंतू रक्तवाहिन्यांतून शरीरभर पसरतात. म्हणून मृत शरीर लवकर शीतपेटीत ठेवणं महत्त्वाचं. टिशू बँकांच्या संघटनेचं मानक होतं की शरीर १२ तासांत थंड केलं असेल तर २४ तासांपर्यंत ऊतक काढता येतं, नाहीतर १५ तासांतच. या दात्याचं शरीर १९ तास शीतपेटीबाहेर होतं. ऊतक काढायला सुरुवात झाली मृत्यूनंतर साडेतेवीस तासांनी.

त्याच दात्याचा दुसरा तुकडा इलिनॉयमधल्या १७ वर्षांच्या मुलाला बसवला गेला. त्यालाही संसर्ग झाला, पण तो वाचला.

रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जुन्या केसेस खणायला सुरुवात केली. मार्च २००२ पर्यंत दात्यांच्या हाड-टेंडनमधून संसर्ग झालेले २६ रुग्ण मिळाले, त्यातले निम्मे क्लॉस्ट्रिडियमचे, आणि सगळ्यांत मोठा वाटा एसीएलसाठी वापरलेल्या टेंडनचा. पुढे क्लॉस्ट्रिडियमच्या केसेस १४ झाल्या. सगळ्यांचे ग्राफ्ट एकाच प्रक्रिया करणाऱ्या संस्थेतून आलेले. ऑगस्ट २००२ मध्ये एफडीएने जॉर्जिया राज्यातल्या क्रायोलाइफ कंपनीला ऊतकं परत मागवायचा आदेश दिला.

या तपासातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. जंतू उरलेत का हे बघण्यासाठी कल्चर केलं जायचं, पण ऊतक अँटिबायोटिकमध्ये भिजवल्यानंतर. ऊतकात मुरलेलं औषध प्रयोगशाळेच्या बशीतही जंतूंना वाढू देत नाही. जंतू मेलेले नसतात, दबून बसलेले असतात. रिपोर्ट येतो, ‘काही सापडलं नाही’. ग्राफ्ट गुडघ्यात जातो, औषध हळूहळू ओसरतं, आणि ऊबदार, रक्तपुरवठा नसलेल्या त्या तुकड्यात बीजाणू जागे होतात. सीडीसीने सुचवलं ते असं : भिजवण्याआधी कल्चर करा, क्लॉस्ट्रिडियम किंवा तत्सम आतड्यातले जंतू सापडले तर त्या दात्याची निर्जंतुक न करता येणारी ऊतकं वापरूच नका, आणि बीजाणू मारणारी पद्धत शोधा.

त्याच सुमारास ओरेगनमधून दुसरी बातमी आली. दात्याचा टेंडन बसवलेल्या एका रुग्णाला सहा आठवड्यांत हिपॅटायटिस सी झाला. पुन्हा खिडकीतला दाता. प्रतिपिंडं निगेटिव्ह, रक्तात विषाणू. त्याच्याकडून ४० जणांना काही ना काही मिळालं होतं. तिन्ही अवयव घेणारे बाधित, शिरेचा ग्राफ्ट घेतलेल्या दोघांतला एक, टेंडन घेतलेल्या तिघांतला एक, हाडासकट टेंडन घेतलेले तिघेही. त्वचा घेतलेले दोघे सुटले. आणि किरण दिलेलं हाड घेतलेले १६ जण? एकही नाही. व्हर्जिनियाचीच गोष्ट पुन्हा, फक्त विषाणू वेगळा. त्यानंतर विषाणूची जनुकं थेट शोधणारी ‘नॅट’ चाचणी टिशू बँकांत आली आणि खिडकी बरीच अरुंद झाली.

पण चाचणीला नमुना खरा लागतो, आणि कागदही खरे लागतात. आपण पॉडकास्टवाले आहोत म्हणून ॲलिस्टर कुकबद्दल थोडं सांगतोच. बीबीसी रेडिओवर ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ हा कार्यक्रम तो १९४६ पासून २००४ पर्यंत, जवळजवळ ५८ वर्षं करत होता. ९५ व्या वर्षी कॅन्सरने गेला. नंतर उघड झालं की अंत्यसंस्काराच्या आधी त्याची हाडं चोरून विकली गेली होती, आणि कागदांवर वय कमी करून कॅन्सरचा उल्लेखही काढून टाकला होता. न्यू जर्सीतल्या मायकेल मास्ट्रोमारिनोच्या टोळीने असंख्य मृतदेहांचं हेच केलं. त्याने २००८ मध्ये गुन्हा कबूल केला. असली ऊतकं नामांकित प्रक्रिया केंद्रांत जाऊन पोचली होती, आणि ती घेतलेल्या लोकांच्या बाजूने उरलं होतं ते फक्त तिथलं धुणं आणि निर्जंतुकीकरण.

मग पद्धती बदलल्या. फ्लोरिडातल्या एका कंपनीने बंद डब्यात दाब आणि निर्वात आलटून-पालटून देत रसायनं ऊतकाच्या आतपर्यंत ढकलायची पद्धत आणली. इतरांनी आधी रक्त, चरबी, मज्जा नीट धुऊन जंतूंची संख्याच कमी करायची आणि मग किरणांची मात्रा १० ते १२ किलोग्रेवर आणायची, असं केलं. किरण देताना टेंडन कोरड्या बर्फात ठेवतात. पाणी गोठलेलं असलं की फ्री रॅडिकल फार हिंडू शकत नाहीत, कोलॅजन वाचतं. साधी युक्ती आहे, पण मला या सगळ्यात हीच सर्वांत सुंदर वाटते.

जुन्या मात्रेचं काय होतं ते रुग्णांवर दिसलं २००७ मध्ये. टाचेच्या दात्याच्या टेंडनने एसीएल केलेल्या रुग्णांची तुलना छापून आली. २० ते २५ किलोग्रे दिलेल्या गटात ३३ टक्के ग्राफ्ट निकामी, न दिलेल्या गटात २.४ टक्के.

इथे वाटेल की दोष किरणांचाच, ते कमी केले की झालं. पण २०१५ मध्ये हवाईच्या लष्करी रुग्णालयातला एक अभ्यास आला, त्यात तरुण सैनिकांची दहा वर्षांहून जास्त नोंद ठेवली होती. दात्याचे टेंडन नुसते गोठवलेले, किरण न दिलेले. तरी त्यातले २६.५ टक्के निकामी झाले, आणि स्वतःच्या मांडीचा टेंडन घेतलेल्यांत ८.३ टक्के. कारण दात्याचा टेंडन शरीर हळू स्वीकारतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरायला जास्त वेळ लागतो, आणि पंचविशीच्या आतला खेळाडू तेवढा वेळ थांबत नाही. सहा महिन्यांत बरं वाटतं, तो मैदानात उतरतो, आतला दोर अजून अर्धवट जिवंत असतो. चाळिशी ओलांडलेल्या, फिरायला जाणाऱ्या माणसाच्या गुडघ्यात तोच ग्राफ्ट वर्षानुवर्षं टिकू शकतो.

आपल्याकडे बहुतेक एसीएल ऑपरेशनं रुग्णाच्या स्वतःच्या टेंडनवरच होतात. दात्याचा टेंडन लागतो तो दोन-तीन लिगामेंट एकदम तुटल्यावर, किंवा पहिलं ऑपरेशन फसल्यावर स्वतःचे दोर संपलेले असतात तेव्हा. २०११ मध्ये अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ऊतकंही त्याच्या कक्षेत आली. तेव्हा कुणी तुम्हाला दात्याचा टेंडन सुचवला, तर तीन प्रश्न बिनधास्त विचारा. टेंडन कुठल्या नोंदणीकृत बँकेतून आला? तो निर्जंतुक केलाय की नुसता अँटिबायोटिकमध्ये धुतलाय? किरण दिले असतील तर किती किलोग्रे, आणि गोठवून दिले का? पाकिटावर आणि सोबतच्या कागदावर यातलं बरंच लिहिलेलं असतं. सर्जनला ते बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पुढच्या भागात रक्तपेढ्या. भेटूच.